फी माफ झाली, राहायचं कुठं?

मंडळाच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेताना एकदा धड्यात ‘तो वार लावून जेवत असे’ असे वाक्य आले. वर्गातल्या एका हुशार मुलाने ताबडतोब हात वर केला आणि विचारले, ‘काका, कोणावर वार?’ सगळा वर्ग हसला. मग मी फळ्यावर सोमवार ते रविवार लिहिले, प्रत्येकापुढे एकेका घराचे नाव घातले आणि सांगितले की गरीब विद्यार्थ्याने सोमवारी जोश्यांकडे जेवायचे, मंगळवारी लेल्यांकडे, आणि आठवडा असा सात घरी काढायचा. मुलांना हे काही केल्या पटेना. ‘पण तो राहायचा कुठे?’ असे त्याच मुलाने विचारले. खरे तर सबंध वर्गात त्यालाच धडा कळला होता, कारण त्याच्या प्रश्नात महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाचा निम्मा इतिहास आहे.

आपण हा इतिहास सांगतो तो बहुधा शाळा-कॉलेजांचा. डेक्कन कॉलेज, फर्ग्युसन, राजाराम, विल्सन, त्यांचे प्राचार्य आणि त्यांचे नामवंत विद्यार्थी. या मुलांच्या वळकट्या रात्री कुठे पसरत होत्या आणि दुपारी बाराला त्यांच्या पुढ्यात काय येत होते, याची नोंद आत्मचरित्रांतून तुकड्यातुकड्याने सापडते. कोणी देवळाच्या ओसरीवर झोपे. कोणाला वाड्यातली जिन्याखालची खोली मिळे, त्या बदल्यात पाणी भरायचे आणि धाकट्या मुलांना शिकवायचे. ज्यांना सात घरे मिळत नसत ते झोळी घेऊन माधुकरी मागत. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते तेव्हा त्यांचे थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपये पगारातले आठ रुपये त्यांना पाठवीत, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे घरची निम्म्याहून अधिक मिळकत एका मुलाच्या राहण्याजेवण्यावर जात होती.

या व्यवस्थेकडे आज आपण थोडे करुणेने आणि थोडे कौतुकाने पाहतो. मला ती पाहताना दुसरेच काही दिसते. ती एक अतिशय कार्यक्षम मदतयोजना होती. तिला कार्यालय नव्हते, अर्ज नव्हता, समिती नव्हती, आणि तरीही तिने कोकणातल्या आणि देशावरच्या निर्धन घरांतली मुले पदवीपर्यंत पोहोचवली. फक्त ती एकाच जातीपुरती होती. पुण्यात किंवा कोल्हापुरात वार देणारी घरे ब्राह्मणांची, आणि पानावर बसवायचा मुलगाही ब्राह्मणाचाच. कराडजवळच्या कुणब्याचा मुलगा मॅट्रिक झाला, तर त्याच्यासाठी शहरात सात घरे सोडा, एकही नव्हते. मांगाच्या किंवा महाराच्या मुलाला तर पैसे मोजूनही खोली मिळण्याची शक्यता नव्हती. हुशारी, फी, पुस्तके हे सगळे प्रश्न त्याच्या बाबतीत नंतरचे.

हे नेमके ओळखले ते राजर्षी शाहू महाराजांनी. १८९४ साली त्यांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला तेव्हा दरबारातल्या जागा भरायला शिकलेली बहुजन माणसे मिळेनात. १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. काही वर्षांतच तिथे फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. दार सर्वांना उघडे होते, पण स्वयंपाकघर कोणाचे, पंगत कोणाची आणि देखरेख कोणाची, या प्रश्नांची उत्तरे दारावर लिहिलेली नसतात. मग १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, आणि त्यानंतर कोल्हापुरात वसतिगृहांची रांगच लागली. त्याच वर्षी जैन, १९०६ साली मुसलमान, १९०७ साली लिंगायत, १९०८ साली दैवज्ञ आणि नामदेव शिंपी, पुढे सारस्वत, ख्रिस्ती, कायस्थ प्रभू. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली निघालेल्या वसतिगृहाला मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे, मिस क्लार्क यांचे नाव दिले होते. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना मदत केली, वार्षिक अनुदाने बांधून दिली आणि त्या त्या समाजातल्या धनिकांकडून वर्गण्या काढायला लावल्या. १९२२ साली वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले तोवर ही संख्या वीसवर गेली होती. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळे. आजही दसरा चौकात उभे राहून नजर फिरवली की या जुन्या बोर्डिंगांच्या इमारती दिसतात, आणि मधोमध खुद्द महाराजांचा पुतळा.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातीच पक्क्या केल्या, असा एक आक्षेप तेव्हाही होता आणि आपल्या इथल्या संमेलनांतल्या जेवणाच्या टेबलांवरही मी तो ऐकलेला आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ज्या बोर्डिंगात तुम्ही सहा वर्षे काढता तिथले मित्र जन्माचे होतात, तिथल्या ओळखींवर पुढे नोकऱ्या लागतात, निवडणुका लढवल्या जातात. पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणात याचे पुरावे हवे तितके आहेत. पण आक्षेप घेणाऱ्याने १८९६ चा प्रयोगही डोळ्यांपुढे ठेवावा. त्या काळी सर्वांना एका पंगतीला बसवू पाहणारे वसतिगृह काही वर्षांत एका जातीचे होऊन गेले होते. महाराजांपुढे पर्याय होता तो आदर्श वसतिगृह आणि सदोष वसतिगृह यांच्यातला नव्हता. मुलगा कोल्हापुरात राहील की कागलला परत जाईल, एवढाच होता.

एका पंगतीचे काम कोल्हापुरातून निघालेल्याच एका मुलाने पुढे केले. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. शिक्षण अर्धवट राहिले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले, साताऱ्याच्या कूपर कारखान्यात काम केले. नांगर विकणाऱ्या माणसाला खेड्यातले घर आतून कळते. शेतात राबणारे पोर शाळेत का जात नाही, हे त्याला शिक्षणखात्याच्या अहवालातून वाचावे लागत नाही. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ते साताऱ्यात वसतिगृह घेऊन बसले. तिथे मराठा, महार, जैन, मुसलमान, मांग अशी सगळी मुले एका छपराखाली राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका ओळीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ‘धनिणीची बाग’ म्हणून ही जागा साताऱ्यात सर्वांना ठाऊक आहे.

पैसा कुठून यायचा? भाऊरावांनी खेड्यातल्या बायकांना सांगितले, रोज दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढा. या मूठफंडाची पोती बोर्डिंगच्या कोठारात येत. मुले लाकूड फोडत, शेतात खपत, भाकऱ्या थापत. आणि तरीही एखाद्या दिवशी कोठार रिकामे होई. अशाच एका वेळी भाऊराव गावाला गेलेले, मुले उपाशी, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र काढून दिले, हा प्रसंग महाराष्ट्रात घरोघरी सांगितला जातो. त्याआधीच त्यांचे बाकीचे दागिने या कामी गेले होते. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांची आई झाली आणि १९३० साली, संस्था मोठी झालेली पाहण्याआधीच, गेली. आपण त्यांच्या त्यागाचे फार गोडवे गातो. मला मात्र त्या प्रसंगात हिशेबाची एक साधी गोष्ट दिसते. फी एकदा माफ केली की वर्षभराची चिंता मिटते. जेवणाचे तसे नाही. ते रोज दोनदा लागते, आणि एखाद्या मंगळवारी मिळाले नाही की बुधवारी पोरगे गावची वाट धरते. साताऱ्याच्या या बोर्डिंगातून निघालेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही बोर्डिंगातली रीतच कॉलेजात आणली गेली.

इथे थोडे मागे जाऊन मुलींबद्दल सांगायला हवे, कारण त्या गोष्टीत आपल्या या देशाचाही वाटा आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी उच्चवर्णीय विधवांसाठी निवासी शाळा काढायला पैसा मागितला, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. या मंडळींनी दहा वर्षे खर्च उचलण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. विधवा मुलीला नुसती शाळा काढून उपयोग नव्हता. तिला आधी सासर-माहेरच्या माजघरातून बाहेर पडून झोपायला एक सुरक्षित जागा हवी होती. शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच सुमारास धर्मांतराच्या वादावरून पालकांनी सदनातल्या बऱ्याच मुली काढून नेल्या. कर्व्यांनी १८९६ साली स्वतःचा अनाथ बालिकाश्रम काढला, तो १९०० साली हिंगण्याला गेला, आणि पुढचे सारे आपल्याला माहीत आहे. बोस्टनच्या दिवाणखान्यांतून जमलेल्या डॉलरांनी आधी जे विकत घेतले ते पुस्तक किंवा बाक नव्हते. निजायची खोली होती.

आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे येतो. न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडच्या वाचकांनी कधी कोलंबिया विद्यापीठात गेल्यास मुद्दाम पाहावे. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब तिथे आले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आधी काही दिवस हार्टले हॉल, मग पश्चिम ११४ व्या रस्त्यावरचा कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी मित्राबरोबर खोली. या इमारतीला आता वॉलाक हॉल म्हणतात. जन्मात पहिल्यांदा त्यांना अशी खोली मिळाली होती की जिचे दार ठोठावताना कोणी जात विचारीत नव्हते. तिथे बसून त्यांनी जे वाचन केले त्याला तोड नाही.

आणि मग १९१७ साली ते करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले. कोलंबियाचा उच्चविद्याविभूषित, संस्थानचा अधिकारी, आणि अख्ख्या बडोदे शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत राहिले. माडीवर अडगळीच्या सामानात, रात्री मिणमिणत्या कंदिलाशी, एकटे. अकराव्या दिवशी सकाळी दहाबारा पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत चालते होण्याचा दम देऊन गेले. दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मग एका सार्वजनिक बागेत गाडीच्या वेळेपर्यंत बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो आठवताना अठरा वर्षांनीही आपल्या डोळ्यांत पाणी येते असे म्हटले आहे. ज्या संस्थानाने त्यांच्या शिक्षणावर तीन वर्षे खर्च केला, त्याच्या राजधानीत त्यांना एक खाट मिळू शकली नाही.

पुढे लंडनला उरलेले शिक्षण पुरे करायला ते गेले तेव्हा साठवलेले पैसे, शाहू महाराजांची आणि भाथेनांची मदत एवढ्यावर गुजराण होती. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरात राहत. सकाळी पावाचा तुकडा, रात्री भुकेला पापड, असे चरित्रांत वाचायला मिळते. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तिथे आता स्मारक आहे. मला वाटते, भाड्याच्या खोलीचे स्मारक झाल्याची उदाहरणे थोडीच असतील. परत आल्यावर १९२४ च्या जुलैत त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि सभेचे आरंभीचे ठोस काम कोणते? ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हाही नागसेनवनाच्या त्या माळावर कॉलेजबरोबर वसतिगृहे उभी राहिली. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठही नव्हते. ते १९५८ साली आले. खेड्यांतून चालत आलेल्या दलित मुलांना औरंगाबाद शहरात खोली कोण देणार होते? मराठी दलित साहित्याची एक मोठी शाखा या परिसरातल्या वसतिगृहांत फुटली, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी वेळोवेळी नोंदवलेले आहे.

माझा स्वतःचा या इतिहासाशी संबंध आला तो फीमाफीमुळे. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फी माफ केली. उत्पन्नाची मर्यादा आधी वर्षाला ९०० आणि नंतर १२०० रुपये. ‘ईबीसी’ ही तीन अक्षरे आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. तलाठ्याचा दाखला, तहसीलदाराचा शिक्का, आणि एका अर्जावर कॉलेज फुकट. १९६७ साली मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला आलो तेव्हा वडिलांना खरेच वाटले की आता खर्च तो काय? पुण्यात पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो कळला. पेठेतल्या एका खोलीत आम्ही चौघे. भाडे चौघांत, रॉकेल चौघांत, जेवण खाणावळीत महिन्याच्या कूपनांवर, म्हणजे वीस तारखेपर्यंत. तालुक्याच्या गावी शिकताना आईने पहाटे बांधलेला डबा एसटीने येई, कंडक्टर स्टँडवर काढून ठेवी. पुण्यापर्यंत डबा टिकत नाही. दिवाळीपर्यंत आम्हा चौघांतले दोघे गावी परतले. त्यातला एक गणितात माझ्याहून कितीतरी सरस होता. त्याची फी माफच होती.

पुढचे दीड वर्ष मी ‘पॅरासाईट’ होतो. पुण्याच्या होस्टेलांत राहिलेल्या वाचकांना हा शब्द ओळखीचा असेल. दुसऱ्याच्या नावावरच्या खोलीत चोरून जमिनीवर झोपणाऱ्याला म्हणत. रेक्टर तपासणीला आले की मी गच्चीवर. मग एका संस्थेच्या वसतिगृहात रीतसर जागा मिळाली. तिथे रोज दोन तास काम करावे लागे. धान्य निवडणे, पंगतीला वाढणे, वह्या बांधणे. पुण्यात अशी रीत जुनी आहे. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहात, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहात, मुले छापखान्यात काम शिकत, आणि १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी काढलेल्या विद्यार्थी सहायक समितीनेही खेड्यातल्या मुलांना अशाच कमवा-शिका पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. आमच्या वसतिगृहातली आमटी पातळ होती, याबद्दल दुमत नाही. पण ती साडेसातला मिळणार हे नक्की होते. ज्याला हे नक्की असते त्याला रात्री दहापर्यंत वाचता येते. वरच्या वर्गातली मुले जुन्या प्रश्नपत्रिका देत. कोणता अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, मुलाखतीला बूट कोणाचे घालायचे, हे सगळे तिथेच कळे. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज आमच्या खोलीत पहिल्यांदा आणले ते भोरकडच्या एका मुलाने.

इथे आल्यावर कळले की ही कल्पना काही आपल्याच मालकीची नाही. १९३३ साली, मंदीच्या ऐन तडाख्यात, बर्कलीला हॅरी किंगमन यांच्या प्रोत्साहनाने चौदा विद्यार्थ्यांनी मिळून घर घेतले आणि काम वाटून घेतले. त्या सहकारी वसतिगृहांत आजही विद्यार्थी आठवड्याला पाचेक तास भांडी घासतात, स्वयंपाक करतात, आणि त्यामुळे भाडे बाजारापेक्षा बरेच कमी राहते. भाऊरावांना ही बातमी कोणी सांगितली असती तर ते मिशीत हसले असते.

अलीकडे मात्र दोन्ही देशांत वसतिगृह बांधण्यापेक्षा हातात पैसे देण्याकडे कल आहे. महाराष्ट्रात सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून ‘स्वाधार’ योजना आहे. सुरुवातीच्या दराने मुंबई-पुणे-नागपुरात शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाचे ३२,०००, जागेचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’, आणि इतर काही वर्गांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाहभत्ता. चांगल्या योजना आहेत, हजारो मुलांना त्यांचा आधार झाला. तक्रार एकच ऐकू येते आणि ती खूप ठिकाणी ऐकू येते: पैसे उशिरा येतात. खोलीमालक आणि मेसवाला महिन्याच्या पहिल्या तारखेला हात पसरतो, शासन आपल्या सवडीने. शिवाय आडनाव ऐकून ‘खोली कालच गेली’ म्हणणारा मालक भत्त्याने बदलत नाही. इकडे वॉशिंग्टन राज्यात टकोमा शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने २०१४ साली तिथल्या कम्युनिटी कॉलेजच्या बेघर विद्यार्थ्यांना भाड्याची मदत देऊ केली. देशभर तिचे कौतुक झाले. तिथेही पुढे हाच अनुभव आला की मदतीचे पत्र हातात असूनही भाड्याने घर मिळणे अनेकांना जमले नाही. कोल्हापुरात १९०१ साली महाराजांनी महिन्याचा तनखा न देता इमारत का दिली, याचे उत्तर मला टकोमाबद्दल वाचताना मिळाले.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीचा प्रश्न आहे. आपला निधी आजवर फक्त फी भरतो. फीची पावती मिळते, ऑडिटला लावता येते, कोणाला शंका राहत नाही. तीन वर्षांपूर्वी आपण लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीची पुण्यातल्या कॉलेजची फी भरली. पहिल्या वर्षी ती वर्गात दुसरी आली. दुसऱ्या वर्षी कॉट बेसिसवरची जागा सुटली, मेसचे पैसे थकले, आणि तिने नाव काढून घेतले. भरलेल्या फीची पावती फाईलमध्ये नीट लावलेली आहे. समितीत यावर तीन बैठका झाल्या. काही सभासदांचे म्हणणे असे की खाण्यापिण्याचा खर्च तपासता येत नाही, आणि एकदा त्यात पडलो की अंत नाही. त्यांची भीती मी समजू शकतो. पण वसतिगृहातल्या एका खाटेचा खर्च फीइतकाच नेमका असतो: एक खाट, एक नाव, बारा महिने, दोन वेळचे जेवण. वैयक्तिक भत्ता न देता आपण अशा खाटाच घ्याव्यात, असा माझा प्रस्ताव आहे.

अडचण आहे ती कायद्याची, आणि ती आधीच सांगितलेली बरी. परदेशातून देणगी घ्यायची तर भारतातल्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेने तो घेऊन दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले आहे. म्हणजे पूर्वीसारखे कोणा ओळखीच्या ट्रस्टमार्फत पाठवता येणार नाही. ज्यांचे वसतिगृह आहे त्यांचीच नोंदणी हवी. अशा तीन संस्थांशी आमचा पत्रव्यवहार झाला आहे. दोघींची कागदपत्रे पुरी आहेत. त्यांनी दर कळवले आहेत, दहा खाटांची तयारी दाखवली आहे, त्यातल्या सहा मुलींसाठी. वार्षिक सभेत या विषयावर मतदान होईल तेव्हा आकडे सर्वांपुढे ठेवले जातील.

दोन्ही संस्थांच्या पत्रात एक प्रश्न सारखाच आहे. पैसे मेअखेर मिळतील का? कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्षाचे धान्य भरावे लागते.